चौकोनांचा रंगारी

श्रीकांतला लाल आणि हिरवं यांतला फरक दिसत नसे, आणि नशिबाची थट्टा बघा, पोटापाण्यासाठी त्याच्या वाट्याला काम आलं ते नेमकं लाल-हिरवे चौकोन रंगवायचं. कागदावर नव्हे, कम्प्युटरच्या पडद्यावर. बरं, सांगायची सोय नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नाही सांगितलं तर रोज सकाळी चोरासारखी ऑफिसची पायरी चढायची. एकोणीसशे नव्व्याण्णवचा मार्च चालू होता. महिनाअखेरीला त्याचं वर्षभराचं प्रोबेशन संपणार होतं, आणि तो पक्का होणार की घरी बसणार हे त्या चौकोनांवर ठरणार होतं. असा छळ वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दोष जन्माचा, पण लहानपणी तो आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं. बंगळूरच्या बनशंकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर. वडील श्रीधरराव रेल्वेत गार्ड, आई शारदाबाई घर सांभाळणारी. पोरगा हुशार. पिकलेला टोमॅटो तो दाबून ओळखायचा. चौकातल्या सिग्नलचा वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, सगळं जग असंच चालतं अशी त्याची प्रामाणिक समजूत. घरच्यांना कधी शंका आली नाही. यावी तरी कशी? विचारलं की उत्तर बरोबर येत होतं ना!

उजेड पडला तो एकविसाव्या वर्षी. इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाच्या जागेसाठी रेल्वेची लेखी परीक्षा होती, ती पोरानं पहिल्या झटक्यात काढली. गार्डाचा मुलगा इंजिनात बसणार म्हणून श्रीधररावांनी के. आर. पुरमच्या निम्म्या स्टेशनाला पेढे वाटले. मग आली वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि विचारलं, "या पानावर आकडा कोणता?"

"आकडा?" श्रीकांत म्हणाला. "आकडा कुठं आहे?"

पहिलं पान सोडलं, तर पुढच्या सगळ्या पानांवर त्याला नुसते ठिपके दिसले. परतीच्या बसमध्ये श्रीधरराव तासभर मूग गिळून बसले होते. उतरताना एवढंच म्हणाले, "हे घराबाहेर बोलायचं नाही. लोक राईचा पर्वत करतात." झालं! त्या दिवसापासून श्रीकांतच्या तोंडाला कुलूप लागलं. इंजिन गेलं ते गेलंच, वर हे लपवाछपवीचं लोढणं गळ्यात आलं.

मग त्यानं कम्प्युटरची वाट धरली. त्याचा विचार साधा होता. कम्प्युटरच्या पोटात रंग नसतात, आकडे असतात. लाल म्हणजे दोनशे पंचावन्न, शून्य, शून्य. हिरवा म्हणजे शून्य, दोनशे पंचावन्न, शून्य. आकडे टाकले की रंग आपोआप येतो, तो दिसण्याची गरजच काय? डोळे दगा देतील, आकडे कशाला देतील? असं त्याला वाटलं. बिचारा!

जयनगरात कपड्याच्या एका दुकानाच्या वर सतरा माणसांची एक कंपनी होती, तिथं तो लागला. त्याचा वरचा माणूस पद्मनाभ. पुण्याहून आलेला, श्रीकांतहून चारच वर्षांनी मोठा, बोलताना अर्धं इंग्रजी आणि कायम घाईत. वाईट नव्हता हो, पण कुणाचं पूर्ण वाक्य ऐकून घेण्याइतका वेळ त्याच्याकडे कधीच नसायचा. त्यानं श्रीकांतला काम दिलं बोम्मसंद्र्यातल्या एका पंप कारखान्याचं. कारखान्यात बोअरवेलचे पंप तयार व्हायचे. प्रत्येक पंपाची तपासणी व्हायची: दाब किती, गळती किती, आवाज किती, इन्सुलेशन धड आहे की नाही. हे सगळे आकडे पडद्यावर एका टेबलात दाखवायचे. एका ओळीत एक पंप, एका चौकोनात एक आकडा.

"आणि चौकोन पास असेल तर ग्रीन, फेल असेल तर रेड," पद्मनाभ म्हणाला. "सिंपल आहे रे. दोन दिवसांचं काम."

सिंपल! श्रीकांतनं मान डोलावली आणि जागेवर येऊन डोकं धरून बसला. उभ्या आयुष्यात त्यानं रंग ओळखले ते जागेवरून. वरचा दिवा, खालचा दिवा. उजवीकडची बाटली, डावीकडची बाटली. या टेबलात कुठलाही चौकोन कुठल्याही रंगाचा होऊ शकत होता. तिथं जागा बघून काय डोंबल कळणार?

पहिल्या खेपेला तरी तो तरून गेला. झणझणीत लाल त्याला काळपट दिसायचा आणि झणझणीत हिरवा चकचकीत. काळपट म्हणजे नापास, चकचकीत म्हणजे पास. त्यानं टेबल रंगवलं, दोनदोनदा तपासलं आणि पद्मनाभबरोबर बोम्मसंद्र्याला जाऊन दाखवलं. कारखान्याचे क्वालिटी मॅनेजर मोहनकुमार. तेही बंगळूरचेच जुने मराठी, त्यामुळे बोलणं घरचं होतं. पडदा बघताच त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"नोडी, बघा हो, हे काय? होळी खेळलात काय माझ्या टेबलात? दिवसभर बघितलं तर डोळे जातील की हो माझे. स्वल्प फिकं करा. थंड असं काहीतरी."

"नो प्रॉब्लेम, सर," पद्मनाभ म्हणाला. "सोमवारपर्यंत लाइट शेड्स देतो."

देतो म्हणे! देणार कोण? श्रीकांतच्या तोंडचं पाणी पळालं. झणझणीत रंग होते तोवर उजेड-अंधारावर निभावलं होतं. फिक्याचं काय करायचं? त्यानं एका पुस्तकातून आकडे शोधले. फिका लाल: दोनशे पंचावन्न, एकशे ऐंशी, एकशे ऐंशी. फिका हिरवा: एकशे सत्तर, दोनशे वीस, एकशे सत्तर. टाकून बघितले. दोन्ही राखेसारखे. पडद्याजवळ नाक नेलं, लांबून बघितलं, खिडकीचा पडदा ओढून बघितलं. राख ती राखच. त्या दिवशी त्याला इतका संताप आला, की कीबोर्डवर मूठ आपटून त्यानं एक बटण उडवलं, आणि ते टेबलाखाली वाकून शोधताना स्वतःचाच राग आला ते वेगळंच.

आता त्या टेबलाची एक खोड सांगायला हवी. टेबलात चौकोन हजार असले तरी ते रंगवणारा एकच. तो एकेक चौकोन रंगवत पुढं जातो. त्याच्या हातात लाल डबा दिला की तो लाल रंगवणार. पण पुढच्या चौकोनाला 'आता हिरवा घे' असं स्पष्ट सांगितलं नाही, तर तो बाबा हातातला लाल डबाच तसाच पुढं नेतो. त्याला काय त्याचं! श्रीकांतनं पहिल्या खेपेला दर चौकोनाला नीट सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला आकडे बदलताना त्याला वाटलं, हिरवा तर आपण सुरुवातीलाच देतो, पुन्हा पुन्हा कशाला? म्हणून त्यानं ती ओळ काढून टाकली. काम सुटसुटीत दिसायला लागलं, तो खूष झाला.

डोळस माणसाला ही चूक एका सेकंदात दिसली असती. पहिला नापास चौकोन आला, की त्याच्यापुढचं सगळं टेबल लालेलाल! पण श्रीकांतला कसं दिसावं? त्याच्याजवळ एक छोटा प्रोग्राम होता. माउसखालच्या ठिपक्याचे आकडे तो सांगायचा. श्रीकांतनं दुसऱ्या ओळीतला पास चौकोन तपासला: एकशे सत्तर, दोनशे वीस, एकशे सत्तर. बरोबर. पाचव्या ओळीतला नापास चौकोन तपासला. तोही बरोबर. खालचे चौकोन तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही. एरवी शेजारच्या खुर्चीवरच्या रम्याला तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "कसं दिसतंय गं?" आणि ती मान वर करून सांगायची. त्या दिवशी ती मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. लग्नालाही मुहूर्त तेव्हाचाच सापडायचा होता!

सोमवारी बोम्मसंद्र्याला मोहनकुमारांच्या खोलीत कारखान्याचे दोन मोठे साहेब येऊन बसले होते. सकाळपासून तपासलेल्या पंपांचे आकडे टेबलात भरले. पद्मनाभनं खूण केली तसा श्रीकांत पुढं झाला. आठवडाभर घोकलेलं वाक्य त्यानं ठणठणीत आवाजात म्हटलं. "बघा साहेब, कुठला पंप पास, कुठला फेल, कसं एका नजरेत कळतं!"

 पडद्यावर पाचव्या ओळीपासून खाली एकूण एक चौकोन लाल होता. श्रीकांत हसतमुखानं उभा. मोहनकुमार खुर्चीतून उठले. त्यांनी फोन उचलला आणि गेटवर ओरडून सांगितलं, की माल भरलेला ट्रक सोडू नका, सकाळचे सगळे पंप बाजूला काढा. मोठ्या साहेबांपैकी एकानं विचारलं, "आपल्या कारखान्यात एकही पंप धड होत नाही का, मोहनकुमार?" तेव्हाही श्रीकांतला काय झालंय ते कळलं नव्हतं. कळलं ते पद्मनाभनं दंड धरून त्याला बाहेर ओढलं तेव्हा.

"डोळे फुटले होते का तुझे?" पद्मनाभ दात-ओठ खात म्हणाला. "अख्खं टेबल रेड आहे, आणि तू काय भाषण देतोयस?"

"जुनी फाइल चढली चुकून," श्रीकांत म्हणाला.

धादांत खोटं. पण दुसरं काय सांगणार? 'फुटलेच आहेत' म्हणून सांगायचं?  चूक झाली त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे, की चूक कशी झाली ते सांगताही येत नव्हतं. आळशी म्हणून घ्यायचं, बेफिकीर म्हणून घ्यायचं, आणि खरं कारण घशात दाबून ठेवायचं.

पद्मनाभनं कसाबसा एक आठवडा मागून घेतला. चूक दुरुस्त करायला श्रीकांतला पाच मिनिटं लागली. गाळलेली ओळ परत घातली, रंगाऱ्याला दर चौकोनाला नीट सांगितलं. ऑफिसातल्या पडद्यावर रम्यानं बघून 'झकास' म्हटलं. मग कारखान्याच्या तपासणी खात्यातल्या मशीनवर तो प्रोग्राम चढवायला गुरुवारी तो एकटाच बसनं बोम्मसंद्र्याला गेला.

तपासणी खात्यात गुंडो होते. पन्नाशी उलटलेले, बेळगावकडचे, गेली बावीस वर्षं पंप तपासणारे. साहेबांच्या खोलीत रंगीत मॉनिटर, आणि जिथं दिवसभर काम चालतं तिथं ठेवलेला काळा-पांढरा, कुणीतरी टाकून दिलेला. जगाची रीतच आहे ती! श्रीकांतनं टेबल उघडलं. गुंडोंनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं घेतली आणि पंपांच्या नोंदी बघून एकेक पंप पुढं सोडायला सुरुवात केली. सतरावा पंपही त्यांनी सोडला.

"थांबा," श्रीकांत दचकून म्हणाला. त्यानं सवयीनं आकडे वाचले होते. "सतराव्याचं इन्सुलेशन बघा. फेल आहे तो."

गुंडोंनी पडद्यावर बोट टेकवलं, आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! हा गेला असता की हो बाहेर. कुणाच्या तरी बोअरमध्ये उतरवला असता आणि पाण्यात करंट आला असता. पण अण्णा, यात फेल कुठलं आणि पास कुठलं? मला सगळं राखेसारखं दिसतंय."

राखेसारखं! श्रीकांत त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला तेच दिसत होतं, जे त्याला दिसत होतं. 'मलाही' हा शब्द अगदी जिभेवर आला होता, तो त्यानं कसाबसा गिळला.

"मग वहीत कसं करत होता तुम्ही?" त्यानं विचारलं.

गुंडोंनी तेलकट वही उघडून दाखवली. "पासला काही करायचं नाही. फेल असला की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. हात तेलाचे असतात, एकच पेन्सिल असते, रंग कोण लावत बसणार? आमच्या खात्यात सगळे असंच करतात. लांबून बघितलं तरी दिसतं."

श्रीकांतला दिसलं. वही हातभर लांब धरली तरी दिसलं. तो तडक ऑफिसला परतला आणि शुक्रवार पूर्ण दिवस त्यानं त्या रंगाऱ्याला नवं काम शिकवलं: रंग लाव, आणि चौकोन नापास असेल तर वर एक जाड काळी तिरपी रेघ मार. दुपारी चारला टेबल पडद्यावर आलं, आणि श्रीकांतची नजर वरून खाली सरसर उतरत गेली. हा फेल, हा फेल, खाली तो एक. माउस नाही, आकडे नाहीत, रम्याला विचारणं नाही. स्वतः बनवलेलं टेबल त्याला पहिल्यांदाच वाचता येत होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं खालच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी कॉफी मागवली. काय निमित्त, असं सगळ्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं नाही.

पण सुखाची माती व्हायला वेळ लागत नाही. मंगळवारी बोम्मसंद्र्याला मोहनकुमारांनी टेबल बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय हो? पोरांनी पाटीवर रेघोट्या मारल्यागत! मोठ्या साहेबांना काय दाखवू मी? काढा, काढा. लाल-हिरवं आहे तेवढं सरी, पुरे."

"गुंडोंच्या मॉनिटरवर रंग दिसत नाहीत, साहेब," श्रीकांत म्हणाला.

"त्याला पुढच्या वर्षी कलर मॉनिटर घेऊ. तोवर बघेल की चष्मा लावून. बावीस वर्षं करतोय ते काम."

पद्मनाभनं श्रीकांतला खिडकीपाशी नेलं. "काढून टाक ना यार त्या लाइन्स. दोन मिनिटांचं काम आहे. ते आज साइन-ऑफ करतायत. आणि ऐक, तुझं कन्फर्मेशनचं लेटर माझ्या बॅगेत आहे. सकाळीच सही केलीय मी. आजचा दिवस नीट जाऊ दे, संध्याकाळी हातात देतो."

श्रीकांत मशीनपाशी बसला. खरंच दोनच ओळी होत्या. त्या पुसल्या की तो पक्का. घरी आईला सांगता येणार, वडिलांना सांगता येणार. त्यानं रेघ मारणाऱ्या त्या दोन ओळी निवडल्या, बोट बटणावर ठेवलं, आणि त्याला सतरावा पंप आठवला. कुणाच्या तरी बोअरमध्ये उतरणारा. यापुढं तो थांबवणार कोण? गुंडोंना दिसणार नाही. आणि प्रोग्राम बनवणाऱ्यालाही दिसणार नाही. त्याला एकदम सगळ्याचाच वीट आला. मोहनकुमारांचा, फिक्या रंगांचा, पद्मनाभच्या घाईचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडावरच्या कुलपाचा.

"नाही काढत," तो म्हणाला.

"काय?"

"रेघा काढत नाही. काढल्या तर मलाच हे टेबल वाचता येत नाही. मला लाल-हिरवं दिसत नाही. जन्मापासून नाही दिसत." मग मोहनकुमारांकडे वळून म्हणाला, "त्या दिवशी अख्खं टेबल लाल झालं होतं, ते मला दिसलंच नव्हतं, साहेब. जुनी फाइल वगैरे काही नव्हती."

 पद्मनाभचं तोंड उघडं ते उघडंच. मग मोहनकुमारांना हसू फुटलं. "अय्यो! थट्टा करता काय? मग हा माझा शर्ट कुठल्या रंगाचा, सांगा बघू?"

"माहीत नाही."

"आणि ही फाइल?" पद्मनाभनं टेबलावरची फाइल उचलली. त्यालाही मोह आवरला नाही. "हे पेन? तो बाहेरचा गुलमोहर?"

"हा रुमाल?" मोहनकुमार म्हणाले.

कुणा लंगड्याला 'पळून दाखव' म्हणत नाही माणूस, पण रंग न दिसणारा सापडला की ज्याला त्याला परीक्षा घ्यायची हौस! श्रीकांतनं तीन-चार वस्तू सोसल्या. मग सात वर्षांचं साठलेलं सगळं एकदम उसळून आलं.

"पुरे!" तो ओरडला. कामाच्या ठिकाणी तो कधी ओरडला नव्हता. "शर्टाचं राहू द्या. चला माझ्याबरोबर गुंडोंच्या मशीनवर. रेघा काढून देतो. तुमचे डोळे चांगले आहेत ना? मग एका नजरेत सांगा, फेल किती ते."

इतका चढा आवाज ऐकून मोहनकुमार चपापले, पण उठले. तपासणी खात्यात गुंडो उभे राहिले, त्यांच्या खुर्चीत साहेब बसले. श्रीकांतनं रेघांशिवायचं टेबल लावलं. मोहनकुमारांनी बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले आणि मग बोटानं एकेक आकडा वाचत खाली उतरायला लागले. मागं पंपांची घरघर चालू होती. चांगली तीन-चार मिनिटं गेली.

"तीन," ते म्हणाले. आवाजात दम नव्हता.

श्रीकांतनं रेघांचं टेबल लावलं. गुंडोंनी लांबूनच बघून सांगितलं, "पाच आहेत, साहेब. दोन इन्सुलेशनचे सुटले तुमच्या हातून."

मोहनकुमार खुर्चीतून उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, दोनदा खाकरले. "राहू देत रेघा," ते म्हणाले. "माझ्या मशीनवरही राहू देत." आणि कागदावर सही करून कुणाकडे न बघता निघून गेले.

परत जायला दोघं होसूर रोडवर बसस्टॉपला उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. ट्रक धूळ उडवत जात होते. 

"आधी का नाही सांगितलंस?" पद्मनाभनं विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं मला?"

पद्मनाभनं विचार केला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "नाही," तो म्हणाला. "स्क्रीनच्या कामाला? नसतं घेतलं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

पद्मनाभनं बॅग उघडली. लिफाफा बाहेर काढला, हातात धरून ठेवला, उलटा केला, सुलटा केला. श्रीकांतचा जीव टांगणीला लागला. बस लांबून येताना दिसली तेव्हा पद्मनाभनं लिफाफा परत बॅगेत ठेवला. "सोमवारी बोलू," तो म्हणाला.

सोमवारी कागद मिळाला, पण वेगळा. प्रोबेशन सहा महिने वाढवलं होतं. पद्मनाभनं त्याला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, हळू आवाजात समजावलं. "वरच्यांना सांगावं लागलं रे मला. ते तर काढायचंच म्हणत होते. मी म्हटलं, सहा महिने बघू. आणि कारणाच्या जागी मी 'वैयक्तिक कारण' असं मोघम घातलंय, म्हणजे कुणाला कळायला नको. तू फक्त खाली सही कर."

म्हणजे पुन्हा तेच! बसमधून उतरताना वडील म्हणाले होते तेच, फक्त केबिनमध्ये बसून, पाणी देऊन. श्रीकांतला एवढा संताप आला की हसूच फुटलं. भल्यासाठी म्हणून का होईना, हे लोक कुलूप लावल्याशिवाय राहत नाहीत. त्यानं टेबलावरचं पेन उचललं. 'वैयक्तिक कारण' यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली, वरच्या मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही', आणि त्याच्या खाली सही केली.

"अरे, हे फाइलला कायमचं राहील," पद्मनाभ म्हणाला.

"राहू दे," श्रीकांत म्हणाला, आणि कागद त्याच्याकडे सरकवून कामाला गेला.